चार बोटं कमी

टाकी जमिनीखाली, डी विंगच्या मागे.
लाइट गेली की मी जनरेटर सुरू करतो,
बावीस मजले पुन्हा उजळतात,
लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सुटतात
आणि माझं नाव न विचारता घरी जातात.

रोज सकाळी टाकीत काठी बुडवायची,
ओल कुठवर चढली ते बघायचं.
मार्गशीर्षात चार बोटं कमी भरली.
मशीन महिन्यात दोनदाच चाललेलं.
रजिस्टरात लिहिलं : उडालं असेल.
पौषात पुन्हा चार. पुन्हा तेच अक्षर.
टाकीतलं तेल वर उडत नाही, खाली जातं,
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
पण तांडेलसाहेबांना सांगितलं असतं
तर पहिला प्रश्न आला असता,
चोरलंस किती?

माघात धर्मीबाय मढवी गेटवर आली,
भिंतीपलीकडच्या घणसोली गावठाणातली.
हातात लोणच्याची रिकामी बरणी,
बरणीत पाणी, पाण्यावर मोरपिसाचे रंग.
"सुंग," म्हणाली,
"आमचे बावीला तुमचे मशिनीचा वास येतंय."
वॉचमन म्हणाला, तक्रार लेखी द्या.
ती वॉचमनकडे बघतच नव्हती.
माझ्या हातांनाही तोच वास होता.

रात्री उशीत तोंड खुपसलं.
उशी आईनं भरलेली,
शहापूरच्या रानातली काटेसावरीची बोंडं उकलून,
एकेक काळं बी वेगळं काढून.
मी लहान असताना ती एकदा तळ्यात पडली.
बुडाली नाही. काढली तर आतून कोरडी.
आई म्हणायची, सावर पाण्याशी बोलत नाही.
चिमणीतलं रॉकेल सांडलं
की चिमूटभर सावर ठेवायची त्यावर
आणि आपल्या कामाला लागायची.

उठलो. शिवण उसवली.
मच्छरदाणी फाडून पिशव्या केल्या, दुधीएवढ्या लांब,
पाच झाल्या. तोंडं सुतळीनं आवळली.

विहिरीवर ती आधीच बसलेली, अंधारात.
"कनची चोरी करतंस रं?"
टाकी गळते, म्हणालो. तीन महिने.
हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकलं.
तिनं शिवी दिली नाही. बराच वेळ काहीच दिलं नाही.
मग हात पुढे केला : दोरी.

पिशव्या तरंगल्या,
पांढऱ्या, बदकांसारख्या येड्या.
मग कडेकडेनं पिवळट होत गेल्या.
वर ओढली तर एकेकीचं वजन तान्ह्या पोराएवढं.
परातीत पिळली : डिझेल,
पाण्याचे थेंब मोजून घ्यावेत इतके.
पुन्हा सोडल्या. पुन्हा पिळल्या.
तिचा नातू निमिष उठून आला,
होडीचे जुने काथ्याचे दोर घेऊन,
आणि काही न विचारता
भिंतीच्या बुडाशी, जिथं माती काळी पडलेली,
तिथं आडवे अंथरू लागला.

सकाळी तांडेलसाहेबांनी तोच प्रश्न विचारला.
मी काठी आणि रजिस्टर पुढे ठेवलं,
"उडालं असेल"वर बोट ठेवलं.
टाकी उपसली, खणली. बुडाला नाणं जाईल एवढं भोक.
भिजलेली सावर जाळायची नाही म्हणाले,
पिंपात बंद होऊन तळोज्याला गेली,
आईच्या हातची.
मला नोटीस.

विहीर स्वच्छ झाली असं कुणी म्हणू नये.
वर तरंगतं ते सावर उचलते,
आत विरघळलेलं तिच्या हातचं नाही.
नमुना लॅबला गेलाय. प्यायचं पाणी अजून टँकरचं.
धर्मीबाय मात्र रोज बरणी भरते,
उजेडाकडे धरते,
थर बोटानं मोजते.
"आज अर्धं. काल पावणं व्हतं."
खरं खोटं तीच जाणे, पण लिहून ठेवायला मला सांगते.
माझं अक्षर बरं आहे म्हणते.

मी हात उशाला घेऊन झोपतो.
परवा तिनं विचारलं, सावर कदी फुटते?
म्हटलं, चैत्र सरता सरता.
"मंग जाव आपुन," म्हणाली.
"पोती मी आनते."